कॅप्टन व्लासाकची तारीख

ब्रँडेल, नेब्रास्का
१४ जानेवारी

सार्जंट पेटिग्रू यांस,

आज सकाळी फार थंडी होती. शेजारच्या हिर्शच्या गोठ्यात एक गाय अडली होती, ती सोडवली; पशुवैद्याचं जानेवारीतलं हेच काम. वासरू जगलं. दुपारी टपाल आणलं. संध्याकाळी चर्चच्या तळघरात जाऊन लिबीच्या दफनाच्या दिवशी जेवणाला नेलेली भांडी परत आणली. त्या भांड्यांत तुमचे हातमोजे निघाले. आत तुमचं नाव आहे. सोबत पाठवतो आहे.

तुम्ही ओमाहाहून एवढ्या बर्फातून आलात, त्याबद्दल त्या दिवशी आभार मानायचे राहिले. माझ्या मुलीबरोबर तुम्ही पाच वर्षं सैन्याच्या राखीव दलात होतात, एवढं मला माहीत आहे. बाकी फारसं माहीत नाही. ती महिन्यातून एकदा गणवेश घालून जायची आणि सोमवारी पुन्हा जिल्ह्याच्या पुलांच्या कामावर जायची. मी विचारत नव्हतो, ती सांगत नव्हती. आमच्या घरात तशी पद्धतच आहे.

एक गोष्ट विचारायची आहे. आजच्या टपालात सैन्याच्या नोंद-दुरुस्ती मंडळाचं पत्र आलं. लिबीने त्यांच्याकडे अर्ज केला होता म्हणे. तिला कॅप्टनपदाची बढती ज्या तारखेपासून मिळाली, त्याच्या पाच आठवडे आधीपासून ती धरावी, अशी तिची मागणी आहे. अर्जदार वारल्यामुळे तो पुढे चालवायचा की नाही, हे तिच्या जवळच्या नातेवाइकाने दोन महिन्यांत कळवायचं आहे. न कळवल्यास अर्ज बंद.

मी तो मागे घेणार आहे. गेलेल्या माणसाला पाच आठवडे काय करायचे? खरं सांगायचं तर तो अर्ज वाचून मला थोडं वाईट वाटलं. तिला मानापानाची हौस नव्हती अशी माझी समजूत होती.

अर्ज मागे न घेण्यासारखं काही कारण तुम्हाला माहीत असेल तर कळवावं.

आपला,
ऑरिन व्लासाक


ओमाहा
२२ जानेवारी

आदरणीय डॉक,

हातमोजे मिळाले. बायको म्हणाली, "डोकं मानेला शिवलेलं आहे म्हणून, नाहीतर तेही कुठल्यातरी चर्चच्या तळघरात सापडलं असतं." तिने ते विणले आहेत, त्यामुळे बोलायचा हक्क तिचाच.

डॉक, मी ट्रक चालवायला शिकवणारा माणूस आहे. दिवसभर शेजारच्या सीटवर बसून "ब्रेक, ब्रेक, अरे बाबा ब्रेक" एवढंच बोलतो. पत्र लिहिताना काय लिहावं सुचत नाही. कॅप्टनबद्दल तर मुळीच नाही.

अर्जाचं म्हणाल, तर त्यावर मी काही बोलणं बरोबर नाही. तुम्ही वडील आहात. तुम्हाला जे योग्य वाटेल ते करा, मनात किंतु ठेवू नका. माझी सैन्यातली नोकरीही या ऑक्टोबरात संपते, मग मी आणि सैन्य दोघंही सुटलो.

एवढंच सांगतो की त्यांना मानाची हौस नव्हती. ते मनातून काढून टाका. छावणीतला तलाव साफ करायला माणसं कमी पडली तर स्वतः गुडघ्यापर्यंत उतरणारी बाई होती ती.

थंडीत जपा. गायींना सांगा, मार्चपर्यंत थांबा म्हणावं.

तुमचा,
एमॉस पेटिग्रू


ब्रँडेल
३ मार्च

सार्जंट पेटिग्रू यांस,

तुम्ही मला खरं सांगितलं नाहीत.

परवा शुक्रवारी चर्चमध्ये ईस्टरआधीच्या उपासाचं, मांस वर्ज्य म्हणून माशांचं जेवण होतं. मी एकटाच एका कोपऱ्यात बसलो होतो. श्रीमती ब्लाझेक नव्वदीच्या आहेत, चाकाच्या खुर्चीत असतात. हेझल्टनच्या वृद्धाश्रमात राहायच्या, तो पुरात गेल्यापासून इकडच्या आश्रमात आहेत. त्यांनी आपली खुर्ची माझ्या टेबलापर्यंत स्वतः ढकलत आणली.

"डॉक," त्या म्हणाल्या, "तू माझ्या मांजराला सुई देऊन मारलंस तेव्हापासून मी तुझ्याशी बोलत नाही."

"ते एकोणीस वर्षांचं होतं, मिसेस ब्लाझेक."

"जगलं असतं. पण ते असू दे. तुझ्या पोरीने मला पाठुंगळीला घेऊन ट्रकमध्ये चढवलं. मी म्हटलं, अगं सोड, मी जड आहे, कंबर जाईल तुझी. तर मला म्हणते, 'आजी, मी वासरं उचललीत. तुम्ही निदान लाथा तरी मारत नाही.' म्हटलं, थांब, मारते!" आणि हसता हसता त्या रडायला लागल्या. मग म्हणाल्या, "आणि त्या सार्जंटचं काय झालं रे? त्या दुसऱ्या कॅप्टनचं न ऐकता हिचं ऐकलं म्हणून त्याला शिक्षा केली म्हणे. आम्ही सगळ्यांनी पत्र लिहिलं होतं. म्हाताऱ्यांची पत्रं कोण वाचतंय!"

मला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. दोन वर्षांपूर्वीच्या पुरात लिबी तिकडे होती, एवढं माहीत होतं. "लोकांना हलवायला मदत केली," असं ती म्हणाली होती. मी "बरं" म्हटलं होतं.

घरी येऊन अर्ज पुन्हा वाचला. शेवटच्या पानावर तुमचं नाव आहे. पहिल्यांदा वाचताना मी तिथपर्यंत पोचलोच नव्हतो.

अर्ज मागे घेण्याचं पत्र महिनाभर पिकअपमध्ये काचेपुढे पडून होतं. रस्ते बंद, त्यात पोस्टापर्यंत जाणं झालं नाही. ते मी आज चुलीत घातलं.

काय झालं होतं ते मला सगळं कळवा. मी ऐकू शकतो.

ऑरिन व्लासाक


ओमाहा
१० मार्च

डॉक,

बायको म्हणते, "लपवायला गेलास, आता लिही पानंच्या पानं." लिहितो.

आधी हे की, लपवायचं माझ्याच मनात होतं असं नाही. तुम्हाला सांगायचं नाही अशी कॅप्टनची सक्त ताकीद होती. "बाबांना कळलं की मी त्या पाण्यात उतरले, तर ते काही बोलणार नाहीत, पण महिनाभर झोपणार नाहीत," म्हणाल्या होत्या. आणि अर्जात माझं हित. स्वतःच्या हितासाठी मुलगी गेलेल्या माणसाला गळ घालायची? माझ्या आईने मला तसं वाढवलं नाही.

त्या शनिवारी आमच्या दोन तुकड्या महिन्याच्या कवायतीला हेझल्टनच्या छावणीत होत्या. मेजर कुठेतरी प्रशिक्षणाला गेलेले. हजर अधिकारी दोन, दोघेही कॅप्टन. तुमच्या कॅप्टन व्लासाक आणि दुसऱ्या तुकडीचे कॅप्टन स्ट्रँड. डॉक, सैन्यात दोन माणसं एकाच हुद्द्याची असली की ज्याची बढतीची तारीख आधीची, तो मोठा. एक दिवस आधीची असली तरी. कागदावर स्ट्रँड तीन आठवड्यांनी मोठे होते.

दुपारी शेरीफ आला. वरच्या धरणाच्या भिंतीवर बर्फाचे थर येऊन थडकत होते, भिंत धरेल असं त्याला वाटत नव्हतं. नदीकाठच्या वृद्धाश्रमापर्यंत त्याच्या पोलिसांच्या गाड्या पोचत नव्हत्या. आमचे उंच ट्रक हवे होते. अशा वेळी जीव वाचवायला तिथला प्रमुख अधिकारी वरच्या परवानगीशिवाय ट्रक देऊ शकतो, नियमच आहे. प्रमुख अधिकारी. म्हणजे स्ट्रँड.

स्ट्रँड वाईट माणूस नाही. ते फोनवर होते. वरून कोणीतरी सांगत होतं, थांबा, विचारून सांगतो. कॅप्टन त्यांना म्हणाल्या, "केंट, वेळ नाही."

"आदेश आल्याशिवाय एकही ट्रक हलणार नाही."

"मग तो येईपर्यंत आपण काय करायचं, प्रार्थना?"

"व्लासाक, मी तुला ज्येष्ठ आहे."

त्यांनी टोपी डोक्यावर घट्ट केली. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "एमॉस, ट्रक सुरू कर." स्ट्रँड ओरडले, "सार्जंट, जागचा हलू नकोस! हा थेट आदेश आहे."

मी वीस वर्षं माणसांना ट्रक शिकवतोय, डॉक. चालवणारा कुठे बघतोय ते आधी बघायचं, हात नंतर. स्ट्रँड फोनकडे बघत होते. त्या नदीकडे बघत होत्या. मी ट्रक सुरू केला.

आता पुढचं. हे मी बायकोलाही नीट सांगितलेलं नाही, कारण सांगायला गेलं की छोटं होतं. आश्रमाच्या रस्त्यावर पाणी आलेलं होतं. दोन्ही बाजूंनी खोल चर, आणि रस्ता कुठे संपतो, चर कुठे सुरू होतो काही दिसेना. सगळं एकच राखाडी पाणी. कडेच्या खुंटांची नुसती टोकं वर, तीही मधूनच. वरून बर्फाचे तुकडे वाहत येत होते, काही तर गाडीएवढे. मी थांबलो. शेजारी बसलेल्या कॅप्टन दार उघडून खाली उतरल्या. पाणी कमरेपर्यंत. कुणाच्या तरी कुंपणाचा लाकडी दांडा उपसला आणि ट्रकच्या पुढे चालायला लागल्या. दांड्याने तळ चाचपायचा, पाऊल टाकायचं, पुन्हा चाचपायचं. मी त्यांच्या टोपीवर नजर ठेवून मागोमाग. माझ्यामागे बाकीचे ट्रक.

आम्ही जाताना तशा चालल्या, आणि येताना, मागे म्हातारी माणसं भरलेली असताना, पुन्हा तशाच. बर्फाचा एक तुकडा आला, तो त्यांनी हाताने ढकलला, आपण दार ढकलतो तसा. एकदाही मागे वळून पाहिलं नाही. मी आत बसून ओरडत होतो, अहो बाई, एकदा तरी बघा, आम्ही येतोय का! नाही. माझ्या ट्रकमध्ये मागे सगळे काचेपाशी दाटीने आले होते. एक आजोबा, पूर्वी शाळेत शिकवायचे म्हणे, काचेतून पुढे बघत म्हणाले, "टोप्या काढा रे." आणि सगळ्यांनी काढल्या. माझीसुद्धा मी काढली. का ते विचारू नका.

आम्ही उंचावर आलो आणि थोड्याच वेळात भिंत गेली. तो आवाज मी अजून ऐकतो. आश्रमाचं छप्पर आमच्यासमोरून वाहत गेलं.

त्याआधी शेवटचा ट्रक चरात घसरला होता; माणसं काढली, ट्रक गेला. चौकशी झाली. कॅप्टनना ताकीद मिळाली, ती त्यांनी चहाच्या कपाखाली ठेवली. मला लेखी ठपका: ज्येष्ठ अधिकाऱ्याचा थेट आदेश मोडला. त्यामुळे माझी शेवटची बढती गेली. मी म्हटलं, जाऊ दे मॅडम, पेन्शन आहे. तर भडकल्या. "जाऊ दे काय? तू माझा आदेश पाळलास. आणि आदेश द्यायचा अधिकार माझाच होता."

त्यांचं म्हणणं असं. त्यांच्या बढतीचा आदेश ऑक्टोबरातच जुन्या तुकडीत आला होता. त्याच आठवड्यात त्यांची बदली आमच्याकडे झाली. जुन्या तुकडीला वाटलं, नवी नोंद करेल. नव्या तुकडीला वाटलं, जुनीने केली असेल. शेवटी नवा कागद काढून नोव्हेंबरची तारीख दिली. ऑक्टोबर धरला तर त्या स्ट्रँडपेक्षा मोठ्या. म्हणजे त्या दिवशी प्रमुख त्या, आणि मी बरोबर माणसाचं ऐकलं. ते पाच आठवडे माझ्यासाठी होते, डॉक.

पण पहिला आदेश कुणाच्याच दप्तरात मिळत नाही. जुन्या तुकडीचे तेव्हाचे कर्नल रूडीन वारले. तो आला होता असं सांगणारं आता कोणी नाही. म्हणून म्हटलं, बंद झाला तरी हरकत नाही.

एमॉस


ब्रँडेल
१४ मार्च

सार्जंट,

आदेश आला होता. मी तो ऐकला आहे.

लिबीला कॅप्टनच्या पट्ट्या मी हिर्शच्या गोठ्यात लावल्या. समारंभ छावणीत व्हायचा होता. त्या सकाळी हिर्शची गाय अडली आणि मी निरोप पाठवला की येता येणार नाही. तुमच्यात पट्ट्या घरच्या माणसाने लावायची रीत आहे. लिबी म्हणाली असणार, बाबांशिवाय नको. तासाभरात कर्नल रूडीन आणि ती, दोघं पूर्ण गणवेशात, गोठ्याच्या दारात उभे. माझा हात खांद्यापर्यंत गायीच्या आत.

कर्नल म्हणाले, "डॉक, घाई करू नका. आम्ही थांबतो."

वासरू बाहेर आलं, उभं राहिलं. "आता हात धुऊन या," कर्नल म्हणाले. मी बादलीत हात धुतले. मग ते एकदम मोठ्याने ओरडले, "आदेश ऐका!" हिर्शने टोपी काढली आणि ताठ उभा राहिला, तो कधी सैन्यात नव्हता तरी. मीही राहिलो. कर्नलनी खिशातून कागद काढून संपूर्ण वाचला. त्यात तिचं पूर्ण नाव होतं, लिबुशे ॲन व्लासाक (लिबुशे हे माझ्या आईचं नाव), आणि तारीख होती एकवीस ऑक्टोबर. आदेश वाचल्याशिवाय पट्ट्या लावत नाहीत, हो ना? गायीमुळे हाताला ताकद उरली नव्हती. डावी पट्टी वाकडी लागली.

लिबीला वाटलं असेल की माझं सगळं लक्ष वासराकडे आहे. तसं नव्हतं.

अर्ज पुढे चालवावा, असं मंडळाला आज मुदतीत कळवलं. उद्या नोटरीपुढे शपथेवर लिहून देतो. हिर्शही देणार आहे. त्याला विचारलं तर म्हणाला, "वासराचा वाढदिवस आहे तो, ऑरिन. मी विसरेन होय?"

तुम्ही लिहिलंत की ती मागे वळून बघत नव्हती. त्याचं कारण मला माहीत आहे. ती दहा वर्षांची असल्यापासून हिमवादळात मी रानातल्या गोठ्यांकडे निघालो की माझ्याबरोबर यायची. रस्ता दिसेनासा झाला की काठी घेऊन पिकअपपुढे चालायची. मी तिला एवढंच सांगितलं होतं: मागे वळून बघू नकोस, वळलीस की दिशा जाते. मी मागे आहेच, असं धरून चाल.

तुमचं पत्र मी चार वेळा वाचलं. माझ्या हाताखाली शेकडो जनावरं जन्मली आणि मेली. मोठं काही पाहिलं तर ओळखता येईल अशी माझी समजूत होती. ते माझ्या स्वयंपाकघरात बसून रोज नाश्ता करत होतं.

ऑरिन


ओमाहा
२ जून

डॉक,

बसलात तर उठून उभे राहा, उभे असाल तर बसा. काल कॅप्टन स्ट्रँडचा फोन आला. मी म्हटलं, आता काय, ट्रकचे पैसे मागतात की काय! ते म्हणाले, "पेटिग्रू, मीही मंडळाला जबाब पाठवलाय." पुढे म्हणाले, "लिहिलंय की ती मला ज्येष्ठ असती तर मी तिच्यामागे गेलो असतो. आणि नव्हती तरी जायला हवं होतं." मी म्हटलं, "मुलंबाळं बरी आहेत ना, सर?"

तुमच्याकडे सारस पक्षी येऊन गेले का? कॅप्टन सांगायच्या की मार्चमध्ये नदीवर ते उतरले की तुम्ही दोघं पिकअपमध्ये बसून काही न बोलता बघता. "आमच्या घरातल्या सगळ्यात लांब गप्पा," असं म्हणायच्या.

एमॉस


ब्रँडेल
९ सप्टेंबर

सार्जंट,

मंडळाचा निकाल आला. तारीख एकवीस ऑक्टोबर धरली आहे. तुमचा ठपका त्याच कारणाने रद्द, आणि तुमची बढती मागील तारखेपासून. प्रत सोबत आहे.

सारस आले होते. मी गेलो होतो.

ऑरिन


ब्रँडेल
१९ ऑक्टोबर

एमॉस,

काल रात्री सुखरूप घरी पोचलो. वाटेतच गाडीचे दिवे लावावे लागले, दिवस लहान होत चालला आहे. तुझ्या बायकोने बांधून दिलेला केक अर्धा हिर्शला दिला. त्याने वासराची चौकशी झाली का विचारलं. ते आता बैल आहे.

तुझ्या निरोपाच्या समारंभात मी कुणाशी फार बोललो नाही, त्याचा राग मानू नकोस. छावणीच्या त्या मोठ्या दालनात पुढच्या रांगेत मिसेस ब्लाझेक आणि आश्रमातले बाकीचे म्हातारे दिसले, तेव्हापासून मी त्यांच्यातच बसून होतो. तू त्यांना ट्रकमधून आणलंस ते बरं केलंस. मिसेस ब्लाझेक मला म्हणाल्या, "या वेळी खुर्ची फळीवरून ट्रकमध्ये चढली, मला कुणी उचललं नाही. पण आवडलं नसतं असं नाही."

तुझ्या बढतीआधी लिबीचा नव्याने काढलेला आदेश वाचणार आहेत, असं मला कुणी सांगितलं नव्हतं. "आदेश ऐका," म्हटलं आणि एवढी माणसं एका क्षणात ताठ उभी राहिली, खुर्च्यांचा एकच आवाज झाला. चाकाच्या खुर्चीतल्या म्हाताऱ्यांनी टोप्या काढल्या. मग तेच शब्द. तेच नाव, तीच तारीख. गोठ्यात ऐकले तेव्हा ते मला एका कागदाचे शब्द वाटले होते. काल वाटलं की त्या दालनात आमच्या सगळ्यांच्या पुढे कोणीतरी चालतं आहे आणि ते वळणार नाही, आणि त्याची गरजही नाही, कारण आम्ही मागे आहोतच.

स्ट्रँड माझ्यासमोर येऊन उभे राहिले आणि त्यांनी सलाम केला. मी साधा माणूस, सलाम कसा घ्यायचा हे मला माहीत नाही. मी त्यांचा हात धरला. त्यांनी सोडवून घेतला नाही.

तुझी पट्टी लावायला तू बायकोबरोबर मला बोलावलंस. डावी माझ्याकडे आली. वाकडी लागली, ते मला दिसलं. तू सरळ केली नाहीस, तेही दिसलं.

आज दुपारी वारा पडला आहे. पुढच्या आठवड्यात जमीन गोठेल, मग खुंट आत जात नाहीत. दर वर्षी या सुमारास घरापासून मोठ्या रस्त्यापर्यंत वाटेच्या दोन्ही कडांना आम्ही ते ठोकतो, म्हणजे हिवाळ्यात वाट सापडते. लिबी खुंट धरायची, मी घण घालायचो. या वर्षी आधी पहारीने भोक पाडून, खुंट त्यात उभा करून मग ठोकावा लागेल. वेळ लागेल, पण जमेल.

पत्र बंद करतो. उजेड आहे तोवर सुरुवात करतो.

ऑरिन